वेळास कासव महोत्सव

वेळास कासव महोत्सव हा महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी होणारा निसर्ग-पर्यटन उपक्रम आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडे जाताना पाहणे, हे या महोत्सवाचे मुख्य आकर्षण होय. साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पर्यटक गावातील घरांत मुक्काम करतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रकिनाऱ्यावर जाऊन हे दृश्य पाहतात. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळास येथे सुरू केलेल्या कासव संवर्धनाच्या कामातून हा महोत्सव उभा राहिला. वन विभाग, ग्रामपंचायत आणि ग्रामस्थ यांच्या सहभागातून चालणारे हे काम पुढे कोकणातील इतर अनेक किनाऱ्यांवर पसरले.

नावात 'महोत्सव' हा शब्द असला तरी येथे जत्रेसारखी दुकाने वा करमणुकीचे कार्यक्रम यांना महत्त्व नाही. घरट्यातून पिल्ले केव्हा बाहेर येतील हे निश्चित सांगता येत नसल्याने या भेटीला ठरलेले वेळापत्रकही लागू पडत नाही. ही अनिश्चितता आणि पर्यटकांनी पाळावयाची शिस्त, या दोन गोष्टी समजून घेतल्याशिवाय महोत्सवाचे स्वरूप नीट कळत नाही.

भौगोलिक स्थान

वेळास हे गाव सावित्री नदीच्या मुखाच्या दक्षिणेस, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर वसले आहे. सावित्री नदीचा समुद्राला मिळणारा शेवटचा भाग बाणकोटची खाडी या नावाने ओळखला जातो. ही खाडी रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांमधील सीमा आहे. खाडीच्या उत्तर तीरावर हरिहरेश्वर व बागमांडला, तर दक्षिण तीरावर वेसवी व बाणकोट ही गावे आहेत.

डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कौलारू घरे, अशी गावाची रचना आहे. समुद्रकिनारा वस्तीला अगदी लागून नाही. घरांपासून तेथपर्यंत काही अंतर चालत जावे लागते. किनाऱ्यावर दाट वस्ती नसल्यामुळे रात्री तेथे काळोख व शांतता असते. सागरी कासवाची मादी अंडी घालण्यासाठी उजेड व वर्दळ नसलेली वाळू निवडते, त्यामुळे गावाची ही रचना कासवांच्या पथ्यावर पडली आहे.

पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस (१७४२–१८००) यांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव होय. कासव महोत्सवापूर्वी वेळासची ओळख प्रामुख्याने याच कारणासाठी होती.

पार्श्वभूमी

सागरी कासवांची अंडी गोळा करून खाणे किंवा विकणे ही गोष्ट कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर पूर्वी सर्रास चालत असे. वाळूवर उमटलेला कासवाचा माग ओळखून घरटे शोधणे, हे किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना अवघड नव्हते. माणसांच्या नजरेतून सुटलेली घरटी कोल्हे आणि भटकी कुत्री उकरीत असत. याचा परिणाम असा झाला की, माद्या दरवर्षी किनाऱ्यावर येत राहिल्या तरी त्यांच्या अंड्यांतून पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण फारच कमी राहिले. मोठी कासवे दीर्घायुषी असल्याने ही घट पुष्कळ वर्षे लक्षात येत नाही. येणाऱ्या माद्या दिसत राहतात, परंतु त्यांची जागा घेणारी पुढची पिढी तयार होत नाही.

सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने १९९२ साली स्थापन झाली. समुद्री गरुड आणि वेंगुर्ल्याजवळील खडकाळ बेटांवर घरटी करणारी पाकोळी या पक्ष्यांविषयीच्या कामासाठी संस्था ओळखली जाते. समुद्री गरुडांच्या घरट्यांचे सर्वेक्षण चालू असताना, २००२ साली, संस्थेच्या कार्यकर्त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची कवचे आढळली. त्यावरून या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती अंडी पळवली जातात, ही गोष्ट समोर आली. त्याच हंगामापासून संस्थेने वन विभाग व ग्रामस्थ यांना बरोबर घेऊन घरट्यांचे संरक्षण सुरू केले.

या कामात सुरुवातीपासून स्थानिक माणसांवर भर देण्यात आला. किनाऱ्याची आणि कासवाच्या मागाची ज्यांना माहिती होती, त्यांनाच मानधन देऊन घरटी शोधण्याचे व राखण्याचे काम सोपवण्यात आले. कासव व त्याची अंडी यांना कायद्याने पूर्वीपासून संरक्षण होते. तथापि केवळ कायद्याच्या धाकाने रात्रीच्या वेळी निर्जन किनाऱ्यावर अंडी राखली जात नाहीत. अंडे विकण्यापेक्षा त्यातून पिल्लू बाहेर येण्यात गावाचा अधिक लाभ आहे, अशी परिस्थिती निर्माण होणे आवश्यक होते. या विचारातून २००६ सालच्या सुमारास कासव महोत्सवाची कल्पना पुढे आली. पिल्ले पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांच्या निवास-भोजनाची सोय हॉटेलांऐवजी गावातील घरांत करावी आणि त्यातून मिळणारे उत्पन्न त्या कुटुंबांकडेच राहावे, हे तिचे मूळ सूत्र होते.

ऑलिव्ह रिडले कासव

ऑलिव्ह रिडले हे आकाराने लहान असलेल्या सागरी कासवांपैकी एक आहे. त्याचे शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेशिया असे आहे. प्रौढ कासवाच्या पाठीचे कवच साधारणतः ६० ते ७० सेंटिमीटर लांब असते व त्याचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट करडा असतो. भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूची १ मध्ये या जातीचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' या वर्गात केलेली आहे.

ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे या जातीच्या हजारो माद्या काही रात्रींत एकाच वेळी किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. या सामूहिक विणीला 'अरिबाडा' असे म्हणतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर असे घडत नाही. येथे माद्या एकेकट्या, हंगामातील वेगवेगळ्या रात्री येतात. त्यामुळे येथील घरटी संख्येने कमी आणि विखुरलेली असतात व प्रत्येक घरटे शोधण्यासाठी रोज किनारा पिंजून काढावा लागतो.

कोकणात विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असा असतो. मादी रात्री वाळूवर येते आणि भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. हा खड्डा तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद, सुरईसारखा असतो. त्यात ती साधारणतः शंभराच्या आसपास अंडी घालते. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी व मऊ कवचाची असतात. अंडी घालून झाल्यावर ती खड्डा वाळूने भरते, शरीर डाव्या-उजव्या बाजूंनी आपटून वाळू दाबते आणि समुद्रात परत जाते. अंड्यांची वा पिल्लांची देखभाल ती करीत नाही.

अंडी उबण्याचे काम वाळूतील उष्णतेवर होते. त्यासाठी सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअस या मर्यादेपेक्षा वाळू थंड असल्यास नरांचे आणि उष्ण असल्यास माद्यांचे प्रमाण वाढते.

घरट्यांचे संरक्षण

वेळास येथे वापरली जाणारी पद्धत हॅचरी या नावाने ओळखली जाते. भरतीचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी वाळूचा चौकोन जाळीचे कुंपण घालून बंदिस्त केला जातो. कासवमित्र म्हणून काम करणारे स्थानिक रहिवासी हंगामात पहाटे किनाऱ्यावर गस्त घालतात. मादीचा येण्याचा व जाण्याचा माग मिळाल्यावर घरट्याची नेमकी जागा शोधली जाते. अंडी हलक्या हाताने काढून टोपलीत किंवा बादलीत ठेवली जातात. मूळ घरट्याची खोली व आकार मोजून हॅचरीत त्याच मापाचा खड्डा केला जातो व त्यात अंडी पुन्हा पुरली जातात. प्रत्येक घरट्यापाशी अंडी सापडल्याची तारीख व अंड्यांची संख्या यांची नोंद असलेली पाटी लावली जाते.

या कामात वेळेला फार महत्त्व आहे. कासवाचे अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतील गर्भाचे आवरण कवचाच्या वरच्या बाजूला चिकटते. त्यानंतर अंडे उलटे झाले किंवा हिसकले गेले तर गर्भ मरतो. म्हणूनच गस्त पहाटे घालावी लागते, अंडी लवकर हलवावी लागतात आणि हलविताना त्यांची वरची बाजू वरच राहील याची काळजी घ्यावी लागते. नवख्या माणसाने घरटे उकरून पाहणे म्हणूनच घातक ठरते. उद्देश चांगला असला तरी परिणाम चोरीहून वेगळा होत नाही.

चाळीस दिवस उलटल्यानंतर त्या घरट्यावर टोपली पालथी घातली जाते. बाहेर आलेली पिल्ले टोपलीखाली राहतात आणि कावळे, घारी व कुत्री यांच्यापासून त्यांचा बचाव होतो. कासवमित्र ठराविक वेळाने टोपल्या उचलून पाहतात. घरट्यावरची वाळू मध्यभागी थोडी खचलेली दिसली, तर खाली पिल्ले वर सरकू लागली आहेत असे समजले जाते.

महोत्सवाचे स्वरूप

पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम साधारणपणे सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास केले जाते. दुपारी वाळू अतिशय तापते आणि शिकारी पक्ष्यांचा वावरही असतो. त्यामुळे त्या वेळी पिल्ले सोडली जात नाहीत. निसर्गतःही पिल्ले बहुधा वाळू थंड झाल्यावर, म्हणजे रात्री किंवा पहाटे, घरट्याबाहेर येतात.

ठरलेल्या वेळी पर्यटक हॅचरीजवळ जमतात. कासवमित्र टोपल्या उचलून पिल्ले बाहेर आली आहेत का ते पाहतात. पिल्ले मिळाल्यास ती मोजली जातात आणि पाण्यापासून काही अंतरावर ओलसर वाळूवर ठेवली जातात. पिल्लांच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेला असतो व पर्यटकांना त्या दोराबाहेर थांबावे लागते. पिल्ले थेट पाण्यात सोडली जात नाहीत. शेवटचे अंतर त्यांनी स्वतः चालून जावे अशी पद्धत आहे. तळहातावर मावेल एवढे काळसर पिल्लू अडखळत पुढे सरकते, पहिली लाट त्याला मागे ढकलते, ते पुन्हा चालू लागते आणि एखाद्या लाटेबरोबर दिसेनासे होते.

हे चालणे पिल्लांसाठी उपयोगाचे आहे, असे मानले जाते. प्रौढ झालेल्या माद्या अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मभूमीच्या परिसरातील किनाऱ्याकडे परततात. सागरी कासवांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील फरक जाणवतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे आणि जन्माच्या ठिकाणाची ओळख याच मार्गाने त्यांच्यात रुजते, असे संशोधकांचे मत आहे. वाळूवर असताना मात्र पिल्ले मुख्यतः क्षितिजाजवळच्या उजेडाच्या दिशेने जातात. नैसर्गिक किनाऱ्यावर समुद्राची बाजू जमिनीच्या बाजूपेक्षा उजळ असते. जमिनीकडे विजेचे दिवे लागले की हा संकेत उलटा होतो आणि पिल्ले समुद्राकडे पाठ फिरवून चालू लागतात.

महोत्सवात पिल्ले सोडण्याखेरीज कासवांच्या जीवनचक्राविषयी माहिती सांगितली जाते आणि माहितीपट दाखवले जातात. परिसरातील पक्षी पाहणे आणि खाडीकाठची कांदळवने पाहणे यांसाठीही पर्यटक थांबतात.

भेटीचा काळ आणि अनिश्चितता

एखाद्या दिवशी पिल्ले दिसतीलच अशी हमी कोणालाही देता येत नाही. अंडी सापडल्याच्या तारखेवरून घरटे कोणत्या आठवड्यात फुटेल याचा अंदाज बांधता येतो. परंतु वाळूचे तापमान बदलल्यास तो काही दिवसांनी पुढे-मागे होतो. थंडीत घातलेल्या अंड्यांना अधिक दिवस लागतात, तर उन्हाळ्याच्या तोंडावर घातलेली अंडी लवकर फुटतात. काही हंगामांत विणीची सुरुवातच लांबते व त्याबरोबर महोत्सवाचा काळही पुढे जातो.

या कारणाने भेटीचा बेत आखण्यापूर्वी गावातील यजमानांकडे किंवा आयोजकांकडे हॅचरीतील घरट्यांची स्थिती विचारून घेण्याची पद्धत आहे. एका दिवसाच्या धावत्या भेटीपेक्षा एक रात्र मुक्काम केल्यास संध्याकाळ व सकाळ अशा दोन संधी मिळतात. तरीही पिल्ले न पाहता परतणारे पर्यटक प्रत्येक हंगामात असतात.

ही अनिश्चितता दूर करण्याचा सोपा दिसणारा मार्ग म्हणजे बाहेर आलेली पिल्ले पर्यटकांसाठी रोखून ठेवणे. मात्र तो पिल्लांना मारक आहे. पिल्लाच्या शरीरात अंड्यातील बलकाचा काही भाग शिल्लक असतो. समुद्रात शिरल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत किनाऱ्यापासून दूर जाण्यासाठी त्याला न थांबता पोहावे लागते आणि त्यासाठीची शक्ती याच शिलकीतून मिळते. पिल्लू कोरड्या वाळूवर किंवा भांड्यात तासन्‌तास वळवळत राहिले, तर ही शक्ती किनाऱ्यावरच खर्ची पडते. म्हणून पिल्ले बाहेर आल्यावर शक्य तितक्या लवकर सोडणे, हा हॅचरीच्या कामातील सर्वमान्य नियम आहे. पर्यटक पोहोचण्यापूर्वी पिल्ले सोडून दिली गेली असतील, तर त्यात आयोजनाची उणीव नसून कामातील काटेकोरपणा असतो.

पर्यटकांनी पाळावयाचे नियम

किनाऱ्यावर येणाऱ्यांसाठी पुढील नियम सांगितले जातात :

• पिल्लांना हात लावू नये व दोर ओलांडू नये. वाळूवर पुढे गेलेले पिल्लू पायाखाली येण्याचा धोका असतो.
• फ्लॅश, बॅटरी किंवा मोबाईलचा दिवा लावू नये. त्यामुळे पिल्लांची दिशा चुकते.
• रात्री किनाऱ्यावर फिरू नये. अंडी घालण्यासाठी येणारी मादी माणसांची चाहूल वा उजेड जाणवताच अंडी न घालता परत फिरते.
• वाळूवर वाहने आणू नयेत. वाहनांमुळे वाळू दडपली जाते व न सापडलेल्या घरट्यांवरून चाक जाऊ शकते.
• कुत्री बरोबर आणू नयेत, तसेच खाद्यपदार्थ किनाऱ्यावर टाकू नयेत. उष्ट्याखरकट्यामुळे कुत्री व कावळे यांची संख्या वाढते.
• प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या आपल्याबरोबर परत न्याव्यात.

यांतील बहुतेक नियम पिल्ले सोडण्याच्या अर्ध्या तासापुरते नसून संपूर्ण मुक्कामासाठी आहेत. ज्या रात्री पर्यटक गावात झोपलेले असतात, त्याच रात्री एखादी मादी किनाऱ्यावर येण्याची शक्यता असते.

निवास, भोजन आणि गावाचे अर्थकारण

पर्यटकांची सोय ग्रामस्थांच्या घरी केली जाते. खोल्या साध्या असतात. अनेक ठिकाणी पडवीत किंवा माजघरात गाद्या घालून एकत्र झोपण्याची व्यवस्था असते. जेवण घरगुती कोकणी पद्धतीचे व बहुधा शाकाहारी असते. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी, उकडीचे मोदक असे पदार्थ त्यात असतात. कोकम, आमसुले, आंबा-फणसाची पोळी, पापड-कुरडया अशा घरी केलेल्या जिनसांची विक्रीही होते.

कोकणातील इतर गावांप्रमाणे वेळासमधूनही कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याकडे स्थलांतर होत आले आहे. वर्षातील काही आठवडे मिळणारे पर्यटनाचे उत्पन्न या स्थलांतराला पूर्ण पर्याय ठरत नाही. तथापि हे उत्पन्न घर चालवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर उभे असून ते थेट कुटुंबाकडे येते. कासव संवर्धनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे : घरट्याची चोरी झाली तर नुकसान आपलेही आहे, ही जाणीव त्यामुळे गावात सर्वदूर पोहोचली.

हे उत्पन्न एका हंगामावर अवलंबून असल्याने अस्थिरही आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदी ऐन हंगामात आली व पर्यटन थांबले. पाठोपाठ ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी केली. एक पोफळ उत्पन्न देऊ लागण्यास अनेक वर्षे लागत असल्याने त्या हानीचा परिणाम दीर्घकाळ टिकणारा होता.

संशोधन

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून समुद्रात गेलेली कासवे पुढे कोठे जातात, याविषयी दीर्घकाळ फारच थोडी माहिती होती. जानेवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी राज्यात प्रथमच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसवली. यांतील पहिली मादी वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास आलेली होती. तिचे नाव 'प्रथमा' असे ठेवण्यात आले. आंजर्ले येथील मादीला 'सावनी' असे नाव मिळाले, तर गुहागर येथे आणखी तीन माद्यांना यंत्रे बसवण्यात आली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' ही मादी दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. या दोन नोंदींमुळे भारताच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून पूर्णपणे अलग आहेत, या समजाला धक्का बसला.

धोके आणि संवर्धनापुढील प्रश्न

समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी प्रौढ होईपर्यंत जगणारी फारच थोडी असतात; हजारात एखादे, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. मासे, समुद्रपक्षी आणि खेकडे पिल्लांना खातात. मोठ्या कासवांना मुख्य धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून ते बराच वेळ पाण्याखाली राहिले तर गुदमरून मरते. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांच्या तुकड्यांत अडकून जखमी झालेली कासवे पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात. अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे आहे. संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापल्यास त्याची भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केली.

वाढते तापमान हा अलीकडील काळातील गंभीर प्रश्न आहे. हंगामाच्या शेवटी घातलेली अंडी एप्रिल-मेच्या उन्हात उबतात. वाळू अतिशय तापल्यास केवळ माद्याच जन्मतात आणि त्याहून अधिक तापल्यास गर्भ मरतात. हॅचरीवर सावलीची जाळी घालणे हा त्यावरचा उपाय आहे. सागरी भरतीमुळे होणारी किनाऱ्याची धूप आणि ती रोखण्यासाठी बांधले जाणारे दगडी बंधारे यांमुळेही विणीची जागा कमी होते. बंधाऱ्यापुढे मादीला वर चढता येत नाही.

अंडी हॅचरीत हलवावीत की मूळ जागीच राखावीत, याविषयी अभ्यासकांमध्ये चर्चा आहे. हलवताना काही अंडी दगावतात, सर्व घरटी एका जागी आल्याने रोगाचा किंवा वादळाचा फटका एकदम बसू शकतो आणि पिल्ले रोज एकाच ठिकाणी सोडल्यास भक्षक मासे तेथे जमू लागतात. दुसऱ्या बाजूला, उघड्या किनाऱ्यावरील प्रत्येक घरट्यावर रात्रंदिवस पहारा ठेवण्यास पुरेशी माणसे नसतात. चोरी व कुत्र्यांचा उपद्रव जास्त असेल तेथे हॅचरी आणि सुरक्षित किनाऱ्यावर मूळ जागीच जाळीचे आच्छादन, असा मध्यम मार्ग सुचवला जातो.

कामाचे फलित मोजणेही सोपे नाही. ऑलिव्ह रिडले मादीला प्रौढ होण्यास दहा ते पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. २००३ साली वेळासहून समुद्रात गेलेली पिल्ले जगली असतील, तर ती २०१० नंतरच्या दशकात अंडी घालण्यायोग्य झाली असतील. शिवाय प्रत्येक मादी दरवर्षी येतेच असे नाही. त्यामुळे एखाद्या हंगामात घरटी वाढली वा घटली, एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. एका हंगामात किती पर्यटक आले किंवा त्यांना किती पिल्ले दिसली, या आकड्यांवरून तर संवर्धनाविषयी काहीच कळत नाही.

जाण्याचा मार्ग

मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे वेळासपासून रस्त्याने साधारणतः २०० किलोमीटरांच्या आसपास आहेत. मुंबई–गोवा महामार्गावरून महाडमार्गे मंडणगडला व तेथून बाणकोटच्या रस्त्याने वेळासला जाता येते. दुसरा मार्ग माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन व हरिहरेश्वर असा आहे. या मार्गाने गेल्यास बागमांडला ते वेसवी हा खाडीचा टप्पा वाहनांसह फेरीबोटीने ओलांडावा लागतो. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना माणगाव किंवा खेड स्थानकावर उतरून पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागतो.

गावात नाना फडणवीस यांचे स्मारक आणि रामेश्वराचे मंदिर आहे. जवळच खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. १७५६ साली तो इंग्रजांकडे गेला व त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. खाडीपलीकडील हरिहरेश्वर आणि दक्षिणेकडील केळशी व आंजर्ले ही ठिकाणेही याच प्रवासात पाहता येतात.

प्रसार

वेळासच्या अनुभवानंतर रत्नागिरी जिल्ह्यातील केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर व गावखडी, रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर व दिवेआगर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वायंगणी व तांबळडेग अशा अनेक किनाऱ्यांवर घरट्यांचे संरक्षण होऊ लागले. आंजर्ले व वायंगणी येथेही कासव महोत्सव झाले आहेत. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांवर तेथील वन विभाग असेच काम करतो. कोकणातील कासव संवर्धनाच्या पार्श्वभूमीवर घडणारा 'कासव' (२०१६) हा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित मराठी चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीच्या राष्ट्रीय पुरस्काराचा, म्हणजेच सुवर्णकमळाचा, मानकरी ठरला.

मोरजीसारख्या किनाऱ्यांवर पर्यटन आधी वाढले आणि कासवांसाठी जागा नंतर राखावी लागली. वेळास येथे कासवांचे संरक्षण आधी झाले व पर्यटन त्याच्या आधाराने आले. हा क्रम टिकून राहणे, म्हणजेच पर्यटकांच्या सोयीसाठी किनाऱ्यावर दिवे, बांधकामे व वाहने न येणे, यावर या महोत्सवाचे भवितव्य अवलंबून आहे.